सिन्नूला आठवलेला अंक

ताम्रवीरच्या कॉमिकवरून आमची भांडणं कायमचीच. ते आजवर तीन लेखकांनी एकामागून एक लिहिलं होतं. मी पहिल्या लेखकाच्या बाजूचा, तर माझा मित्र सिन्नू तिसऱ्याच्या. एकदा नवी पेठेत चहा पिताना तो म्हणाला, "ताम्रवीर घरी परत येतो आणि सख्खी आईच त्याला ओळखत न्हाय. तिच्या हातात मेथीची जुडी असते. असलं तुझ्या पहिल्या लेखकानं लिहिलंय का?"

"असलं कुणीच लिहिलेलं नाही," मी म्हणालो. सगळे अंक माझ्याकडं आहेत. त्याला घरी नेऊन तिसऱ्या लेखकाचा एकेक अंक उघडून दाखवला.

सिन्नू गोंधळला. "पण मी वाचलंय की."

दिवाळीनंतर कॉमिकला नवा लेखक आला. त्याच्या पहिल्याच अंकाच्या शेवटच्या पानावर ताम्रवीर दारात उभा होता. आई त्याला विचारत होती, "कोण पाहिजे?" तिच्या हातात मेथीची जुडी होती.

मी अंक घेऊन तसाच सिन्नूच्या घरी गेलो. वाटलं, खूश होईल. त्यानं ते पान पाहिलं आणि अंक लांब सारला.

"पुढच्या अंकात काय होतं रे?" मी विचारलं.

"पुढचा अंकच न्हाय. हितंच संपतंय."

मी हसलो. पुढच्या महिन्यात कंपनीनं कॉमिक बंद केलं.

आम्ही अजून भेटतो. परवा चहा पिता पिता त्यानं सहज विचारलं, "तुझ्या पायाचं प्लास्टर कधी काढलं रे?"

माझा पाय आजवर कधीच मोडलेला नाही.