शेवटच्या पानावरची खुर्ची

टेंभेकर वहिनी, कॉलेजची प्राध्यापक मंडळी, आणि जळगावहून माझ्यासोबत आलेले प्रेसमधले गडी,

दुसऱ्यांची भाषणं छापणारा माणूस मी. आज स्वतः उभा राहिलो, तर हात कुठे ठेवावेत कळत नाही. टेंभेकर सर गेले; पहिल्या रांगेत ते नाहीत, हे पाहून बोलायचं तरी कसं?

तुम्ही सरांना जर्मनचे प्राध्यापक म्हणून ओळखता. माझ्या लेखी ते रविवारचे पाहुणे. धुळ्याहून एसटीनं माझ्या प्रेसवर यायचे, पिशवीत कागद. एका जुन्या जर्मन कादंबरीचं ते मराठी करत होते. मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो, ओलं प्रूफ काढायचो. सर मोठ्यानं वाचायचे, मी ऐकून चुका धरायचो. शाळा माझी सातवीत सुटली. कान तेवढे शाबूत राहिले.

गोष्ट म्हटली तर साधी. लहान गावातला पोरगा घर सोडतो, जगाचे धक्के खातो, शहाणा होऊन परत येतो. मी विचारलं, सर, यात जर्मनी कुठे आहे? सर हसले. म्हणाले, नाना, तेव्हा जर्मनी नावाचा एक देश नव्हताच, नुसती संस्थानं होती. देश हातात नव्हता, म्हणून त्यांच्या लेखकांनी आधी कादंबरीत पोरगा वाढवला. पोराबरोबर देशही वाढेल, अशी आशा.

कादंबरीतल्या गावच्या लोकांना सरांनी आमची खानदेशी अहिराणी बोलायला लावलं होतं. पण सरांची अहिराणी म्हणजे इस्त्रीचं धोतर. मी म्हणायचो, सर, आमच्या दोंडाईच्यात असं कोणी बोललं तर लोक त्याला सरकारी माणूस समजतील. एवढा शिकलेला माणूस, पण मुकाट खोडायचा.

बर्लिनची भिंत पडली, त्यानंतरच्या रविवारी सर पेढे घेऊन आले. गडी विचारायला लागले, कोणाला मुलगा झाला? सर म्हणाले, दोन घरं एक झाली. डोळे पुसत होते. इतक्या लांबच्या घरांसाठी रडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमचं भांडण झालं ते शेवटच्या पानावर. पोरगा घरी येतो, आई खुर्ची पुसून पुढे करते. सरांनी पोराच्या तोंडी शुद्ध मराठी घातली. "आई, मी आलो." एवढंच. मी खिळे खाली ठेवले. सर म्हणाले, तो आता साऱ्या देशाची भाषा बोलतो, हाच त्याचा विजय.

मी म्हणालो, "मग त्याची माय हरली का?"

आणि जे कोणाला सांगितलं नव्हतं, ते सरांना सांगितलं. जळगावात प्रेसचं काम शिकून मी पहिल्यांदा घरी गेलो, तेव्हा मायशी असाच शुद्ध बोललो. ऐट होती. मायनं तांब्या घासून पाणी दिलं, सतरंजी झटकून अंथरली आणि पोटच्या पोराला म्हणाली, "बसा."

सरांनी ते पान पिशवीत घातलं. बाकी सगळं पुस्तक छापून झालं, गठ्ठे बांधले, ते पान काही येईना. मी विचारलं की म्हणायचे, राहू द्या, ती खुर्ची मला अजून नीट दिसत नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींनी मला एक पाकीट दिलं. त्यात ते पान. "आई, मी आलो" तसंच आहे. आई खुर्ची पुसते, तेही आहे. त्याखाली एक ओळ कोरी, आणि समासात पेन्सिलीनं लिहिलंय:

"नाना, ती पाहुण्याची खुर्ची पुसत होती. मी इतकी वर्षं तो मान समजलो. आता पोरगा काय म्हणेल, ते तुम्हीच जुळवा. माझी अहिराणी इस्त्रीची."

वहिनी, आज पहाटे मी ती ओळ जुळवली. चष्मा तीनदा पुसावा लागला. मी तिचाच आहे, हे मायला तिच्या बोलीत म्हणायचं राहिलं, तेच घातलं.

"माय, मी तुनाच शे."

हे त्या ओळीचं प्रूफ. टेबलावर, सरांच्या फोटोपुढे ठेवतो. शाई ओली आहे, हात लावू नका. आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू या, कोणी काही बोलू नका.

सर, तुम्ही वाचा. मी ऐकतोय.