पाचव्या बाकाच्या पुढे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या छायाचित्रकार मंडळाचे प्रमुख दॉन एवोदिओ, व्यासपीठावर आवर्जून उपस्थित असलेले फादर अन्सेल्मो, मंडळाचे सन्माननीय पदाधिकारी, आणि कामधंदा सोडून आलेल्या अत्लिस्कोच्या माझ्या बंधूंनो, भगिनींनो,

आज माझ्याबद्दल जे बोललं गेलं ते ऐकून क्षणभर मला वाटलं, एर्मेलिंदा कुआउत्ले वारली की काय. इतकं गोड आपण शोकसभेतच बोलतो. दॉन एवोदिओंनी गुच्छ दिला, ही पेटी दिली. पेटीत लांब झूम लेन्स आहे. ‘दोन्या, आता आराम करा, गच्चीत बसून पक्ष्यांचे फोटो काढा,’ असं ते प्रेमानं म्हणाले. मी आभारी आहे. पण मी निवृत्त होतेय, असं मी कुणाला सांगितलं होतं का? मला तर निमंत्रण पत्रिका हातात पडली तेव्हा कळलं.

मग हा सोहळा कशासाठी? ठाऊक सगळ्यांना आहे, बोलत कुणी नाही, तर मीच बोलते. यंदा मंडळानं नियम काढला: चर्चमध्ये फोटोवाल्यांनी पाचव्या बाकाच्या मागेच उभं राहायचं. फादरचीच तशी आज्ञा आहे म्हणाले; शिवाय पुढे गेलं की व्हिडिओवाल्यांच्या चित्रात आपली पाठ येते. लांबून काढायचं तर लांब लेन्स घ्या. माझ्याकडे आहे पस्तीस एमएमची फिक्स लेन्स, झूम न होणारी. माणूस जवळून हवा तर आपण जवळ जावं, एवढंच तिचं म्हणणं.

मी झूमला नावं ठेवत नाही हं. मेजवानीच्या हॉलमध्ये पलीकडच्या टेबलावरची आजी मोले खाता खाता डोळे पुसतेय, ते टिपायला तीच हवी. म्हणून ही पेटी इथेच ठेवते, मंडळात कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पण आपलं चर्च? भर दुपारी आत सांज. फ्लॅश फादरना चालत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. माझ्या फिक्सला मेणबत्त्यांचा उजेड पुरतो. तुमच्या झूमला पुरत नाही, मग तुम्ही कॅमेऱ्याचा आयएसओ चढवता आणि नवरीच्या गालावर रवा सांडल्यासारखा दिसतो.

बरं, उजेडाचं सोडा. पाठींचं काय करायचं? आपल्या लग्नात मानकरी किती? नवरा-नवरीला एकत्र गुंफणारी लासोची माळ घालणारे वेगळे, नाणी देणारे वेगळे, केकचे वेगळे, बँडचे वेगळे. लासोची वेळ आली की सगळे उठून पुढे. पाचव्या बाकामागून काय दिसणार? पाठी. कोटातल्या, घामेजलेल्या, आपल्या लाडक्या पाठी. यंदाच्या एकेका अल्बममध्ये नवरा म्हणजे नुसता एक कान आहे. हसू नका, तुमच्यापैकीच कुणीतरी काढलाय तो कान.

आता ब्रिसेइदाच्या लग्नाचं सांगते, कारण आजचा गुच्छ मला त्याच लग्नामुळे मिळालाय. लासोचा मानकरी होता तिचा मामा, नाबोर. लासोला वेढे दोन. एक नवऱ्याच्या खांद्यावर टाकायचा, एक नवरीच्या. नाबोरमामा इतका गडबडला की दोन्ही वेढे नवऱ्याच्याच गळ्यात. मामी कुजबुजली, ‘अहो, अर्धा तिचा आहे.’ तर ब्रिसेइदा म्हणते, ‘राहू द्या मामी, पळून जाणारा तोच आहे.’ फादरसुद्धा हसले. खोटं वाटत असेल तर ते इथेच बसलेत.

मी कुठे होते? दुसऱ्या बाकाशी, गुडघ्यांवर. नियम मोडून. मामाचे हात हवेत, नवरा माळेत अडकलेला, मामी कपाळाला हात लावून, आणि ब्रिसेइदा तोंड उघडं टाकून हसतेय. तिचं ते हसू फक्त माझ्या फोटोत आहे. बाकी सगळ्यांकडे नाबोरमामाची पाठ आहे. व्हिडिओत माझीही पाठ आली, हे खरं. तक्रार गेली, बैठक झाली, आणि मला विश्रांतीची फार गरज आहे असं मंडळाला एकाएकी वाटू लागलं.

मला राग आलाय. गुच्छानं तो उतरलेला नाही. माझं पोट या कामावर आहे, आणि काम मला अजून येतं.

फादर अन्सेल्मो, सगळ्यांदेखत विचारते, पाचव्या बाकाची मनाई तुमची आहे का? … फादर मान हलवताहेत. मागच्यांना दिसलं? जरा माइक द्या त्यांना. … ऐकलंत? ‘मी फक्त फ्लॅश नको म्हटलं होतं, बाकाचं मला आजच कळतंय.’ मलाही आजच कळतंय, फादर. इतके महिने आम्हाला तुमचं नाव सांगितलं जात होतं. दॉन एवोदिओ, पाणी घ्या. घ्या, मी थांबते.

येत्या शनिवारी ब्रिसेइदाच्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. त्यांच्या आईनं मला बोलावलंय, आणि मी हो म्हटलंय. व्हिडिओवाल्या मुलांनी जरा लवकर यावं, कुणी कुठे उभं राहायचं ते बोलून ठरवू, मी काही माणसं खात नाही. पण लासो पडताना मी हलणार नाही.

मंडळानं हॉल सजवला, जेवण ठेवलं, तुम्ही सगळे आलात, मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला काही उणंअधिक लागलं असेल तर पोटात घाला. दुसऱ्या बाकाबद्दल मात्र मी माफी मागत नाही.