आरशाची कानटोपी

धरमपेठेच्या बसथांब्यावर, ऐन पुसातल्या थंडीत, माझ्यापुढं दोघं उभे होते. एकाच्या डोक्यावर लोकरी कानटोपी, दुसऱ्याच्या कानांवरून बांधलेला टॉवेल.

"काहून जी रामाजी, घरी फियाट अन् तुम्ही बसच्या लाइनीत?"

"चिमणी आरशातल्या चिमणीशी भांडून राहिली होती जी. दिवसभर टकटक!"

"गाडीचा आरसा आत वळवून ठेवायचा."

"वळवला. चिमणीबी वळली."

"मग झाकायचा."

"झाकला. माझी कानटोपी घातली त्याले."

"बरं केलं."

"काय बरं? तोंडाच्या भोकातून आत शिरली अन् घरटं बांधलं तिनं."

"ओढून काढा ना टोपी!"

"अंडी हायेत आत. बायको मले हॉर्नसुद्धा वाजवू देत नाही."

"म्हणजे पिल्लं उडेपर्यंत बस?"

"बसच. अन् आता दुसऱ्या बाजूच्या आरशाशी चिमणा भांडून राहिला."

"अरे बापरे!"

"श्रीधरराव, तुमची कानटोपी मोठी छान हाये जी. सैल होते का थोडी?"

श्रीधररावांनी दोन्ही हातांनी टोपी धरली. बस आली तरी सोडली नाही. शेवटी कंडक्टरनं त्यांना दंडाला धरून वर घेतलं.