आईची गाडी चाललीय

परक्यांच्या बोलण्याला कान लावू नये, असं सासूबाईंनी बजावलं होतं. मी हसून सोडून दिलं. आज दवाखान्यात बाळ मांडीवर झोपलं होतं आणि मागच्या बाकावर बहीणभाऊ बोलत होते.

"दादा, हे बघ! अ‍ॅपमध्ये आपल्या खात्यावरच्या तिन्ही ई-बाइक दिसतात. तुझी-माझी इथेच बाहेर, आणि आईची चक्क चाललीय!"

"काहीतरीच! बाबा गेल्यापासून आईने गाडीला हात लावलेला नाही. चोर असणार. अ‍ॅपवरूनच लॉक कर आधी!"

"आणि आई असेल तर? चालती गाडी अडकली तर पडेल ना ती!"

"मग फोन लाव."

"लावला. उचलत नाहीये."

"बघ, चोरच! दे इकडे, मी करतो लॉक."

"हात काढ! अरे, चोर इतका हळू पळेल का? वळणावर थांबलीसुद्धा. आता तळ्याकडे निघाली."

"तळ्याकडे? बाबांबरोबर जायची तिथे?"

"हो रे! थांब, तिचाच फोन. स्पीकरवर टाकते. आई, कुठे आहेस?"

"अगं, गाडी चालवताना कसले फोन करता? तळ्यावर पोचले. एकटी!"

"दादा, रडतोस काय, वेड्या!"

तुमच्याही घरचं कुणी बरेच दिवस दाराबाहेर पडलं नसेल, तर आज फोन करा. लगेच उचलला नाही, तर थोडी वाट बघा.