कारेकरांचा निळा

शारजाच्या डोळ्यांच्या दवाखान्यात झुबेदाने मोबाइल कानाला लावला होता. फोन बंद होता. ती ऐकत होती पुढच्या बाकावरच्या मामा-भाच्याला.

“मामा, फॉर्मवर सही करा.”

“नाही. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, तेवढा पुरे.”

“अहो, पण का?”

“पट्टी निघाली आणि माझाच मीनाकारीचा मोर पाहिला. डोळे दिपले रे! मोतीबिंदूमुळे मला निळा फिका दिसायचा, म्हणून इतकी वर्षं चांदीवर निळ्याचे थरावर थर चढवत होतो.”

“मग आता कमी चढवा.”

“चढवले ना! अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या मॅडमने पेंडंट परत पाठवलं. शंभर वर्षांपूर्वीच्या विलायती हातकामाचे नमुने आमच्याकडून करून घेते ती. म्हणाली, मला कारेकरांचा निळा हवा, हा कुणाचा?”

“मग?”

“मग काय, नवा डोळा मिटला आणि जुन्याने काम केलं. मॅडम खूश, शेठ खूश.”

“आणि तो मोतीबिंदू आणखी पिकला तर?”

“पिकू दे. निळा अजून चढेल.”

नर्सने दारातून हाक मारली, “मिस्टर कारेकर, यल्ला, चला लवकर!”

“जा नीलेश, सांग तिला. उजवा डोळा ड्यूटीवर आहे म्हणावं, त्याला रजा मिळत नाही.”