आवाज नसलेली गाडी

स्वारगेटहून विश्रांतवाडीला निघालेल्या इलेक्ट्रिक बसमध्ये पूर्वाच्या पुढच्या बाकावर एक वयस्कर जोडपं बसलं होतं.

“अहो, सुटली गाडी.”

“इंजिनाचा आवाज नाही, आणि सुटली म्हणे!”

“खिडकीबाहेर बघा. जन्मभर डिझेलच्या बस चालवल्यात, म्हणून आवाजाशिवाय करमत नाही तुम्हाला.”

“मी पीएमटीत पर्मनंट होतो. इथे गाडी कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा, कंडक्टर तेवढा आपला. उद्या करार संपला की?”

“तेव्हाचं तेव्हा. आणि ड्रायव्हर कंपनीचा नाही, कंपनीची म्हणा. लेक आहे तुमची.”

पूर्वाने कानातले हेडफोन हळूच काढले.

“मी बसलोय हे सांगितलंस तिला?”

“छे! तिने ही नोकरी घेतली म्हणून संक्रांतीपासून अबोला धरलाय तुम्ही. काय सांगणार?”

“हळू बोल. हे बघ, आत्ता ब्रेकचा झटका बसला नाही, तरी गाडी मंदावली. कशी?”

“मला काय विचारता? तिला विचारा.”

विश्रांतवाडीला बस रिकामी झाली. पूर्वा मात्र दारापाशी रेंगाळली. म्हातारबाबा ड्रायव्हरच्या सीटपाशी गेले होते.

“राजनंदिनी.”

“बाबा! तुम्ही?”

“ब्रेक न दाबता वेग कसा कमी करतेस गं?”

“पाय उचलला की मोटरच चाकांना आवरते. त्यातून बॅटरीत थोडी वीज परत भरते.”

“परत भरते?”

“हो. गाडी चालताना दिसतं, या समोरच्या मीटरवर.”

बाबांनी वाकून मीटरच्या काट्यांकडे पाहिलं. मग मागे वळले.

“कंडक्टरसाहेब, दोन स्वारगेट द्या.”