फोन रांगेत आहे

(जत. टँकरच्या पाण्याचं बुकिंग घेणारी शाखा. दुपार. नागसेन नव्या फोन लाइन बसवायला आलाय.)

नागसेन : ...म्हणून म्हणतो मॅडम, सरासरी बघितली तर या शाखेला तीन लाइन पुरतात. सांगलीच्या हेड ऑफिसनं तेवढंच मंजूर केलंय.

क्रांती : सरासरी पावसाळ्यातली धरली असेल. उन्हाळ्यात अख्खा तालुका इथंच फोन लावतो.

नागसेन : लावू दे की. नव्या सिस्टिमला जादा आलेला फोन रांगेत थांबतो. बिझी टोन जात नाही.

क्रांती : अजिबात जात नाही?

नागसेन : नाही. पण सकाळपासून तुम्ही हेच विचारताय.

क्रांती : गेल्या उन्हाळ्यात आमचे वडील, आण्णा गेले. छातीत कळ आली, तेव्हा वस्तीवर आई एकटी. तिला वाचता येत नाही, म्हणून मी तिच्या मोबाइलवर दोनचं बटण दाबलं की ऑफिसला फोन लागेल, असं लावून दिलेलं. माझा मोबाइल कामावर असताना लॉकरमध्ये. तेव्हा इथं दोनच लाइन, दोन्ही भरलेल्या. एकीवर टँकरसाठी कोण तरी भांडत होतं, त्याला मीच समजावत होते.

नागसेन : आणि आईंना बिझी लागत राहिला.

क्रांती : तिला त्या टूं टूंचा अर्थ काय ठाऊक? तिला वाटलं, लेक फोन कापतीय. मी पोचले तर आण्णांना सोप्यात निजवलेलं. ती एवढंच म्हणाली, 'कामात हुतीस व्हय?'

नागसेन : तुम्ही सांगितलं नाही?

क्रांती : लय वेळा. ती मान हलवती. पण तेव्हापासून तिनं मला स्वतःहून फोन केला नाही. आणि मला तो आवाज कुठंही येतो. टेम्पो मागं घेताना वाजतो ना, त्यातसुद्धा. हातातलं टाकून फोनकडं धावते मी.

नागसेन : आज तीन बसवतो. पण उन्हाळ्याचे आकडे लावून पाच मागतो. देतील का, सांगता येत नाही... रांगेतल्या माणसाला ऐकवायला एक आवाज लागतो. कंपनीच्या बाईचा तयार आहे. 'आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत.'

क्रांती : ती नको. मी बोलते.

नागसेन : हं, बोला.

क्रांती : 'मी क्रांती बोलतीय. जरा थांबा. फोन ठेवू नका. मी हाय इथं.'

नागसेन : झालं. आता तिन्ही लाइन भरून ठेवतो. बाहेरून कुणीतरी लावून बघायला पाहिजे.

क्रांती : लॉकरमधला मोबाइल काढून आईच्या शेजारच्या संयोगिताला सांगते, आईच्या हातात फोन दे म्हणून.

नागसेन : लावतील त्या?

क्रांती : वाटत नाही. बघू.

नागसेन : ...मॅडम, आला. रांगेत आहे. तुमचा आवाज जातोय. एक लाइन मोकळी करतो, स्पीकरवर घ्या.

रंगूबाई (आई, फोनवर) : ...न्हाई ठेवत, बाळा. थांबलीया मी.